बॅटरीतली आग आणि पॉलिमरची पन्नास वर्षे

लिथियम बॅटरीच्या धनाग्र आणि ऋणाग्र या दोन टोकांमध्ये लिथियमच्या आयनांना ये-जा करायला जे माध्यम लागते, ते इलेक्ट्रोलाइट. मोबाइलपासून बसपर्यंत आज वापरात असलेल्या बहुतेक बॅटऱ्यांत हे माध्यम द्रव असते. सेंद्रिय कार्बोनेटांच्या मिश्रणात लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट हा क्षार विरघळवून ते तयार करतात. या मिश्रणातल्या डायमिथाइल कार्बोनेटची वाफ १७-१८ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी पस्तिशीच्या पुढे तापावे लागते. थोडक्यात, खिशातल्या फोनमध्ये रॉकेलहून लवकर पेटणारे द्रव असते. ते पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वेष्टनात हवाबंद असते आणि प्रमाणाने थोडे असते, म्हणून रोजच्या वापरात त्याची आठवण होत नाही. या द्रवाच्या जागी न पेटणारे, शक्यतो घन असे काहीतरी बसवण्याचा खटाटोप १९७० च्या दशकापासून चालू आहे. त्यात सर्वांत लांबचा पल्ला गाठला तो पॉलिमरांनी.

पाणी चालले असते तर प्रश्नच उरला नसता. पण धातुरूप लिथियम पाण्याशी झटापट करतो, आणि तो धातुरूपात नसला तरी तीन-चार व्होल्टच्या ताणाखाली पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते. त्यामुळे लिथियमसाठी पाण्याव्यतिरिक्त दुसरे विद्रावक शोधणे भाग होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विल्यम हॅरिस यांनी १९५८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात प्रोपिलीन कार्बोनेटसारख्या वर्तुळाकार एस्टरांचा अभ्यास होता. या द्रवांत लिथियमचे क्षार विरघळतात, आणि धातूवर एक पातळ संरक्षक थर बसून तो टिकूनही राहतो. पुढच्या सगळ्या लिथियम बॅटऱ्यांचा पाया इथे घातला गेला आणि आगीचा धोकाही इथूनच सोबत आला.

एक्सॉन कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडचे धनाग्र आणि लिथियमचे ऋणाग्र घेऊन पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी तयार केली. तिथे इतक्या वेळा आग लागली, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करू, असा दम अग्निशामक दलाने भरला. बॅटरी चार्ज होताना लिथियम ऋणाग्रावर सपाट न बसता सुयांसारख्या काट्यांच्या रूपात वाढतो. असा एखादा काटा पलीकडच्या टोकाला भिडला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते, आणि भोवती ज्वलनशील द्रव असतेच. कॅनडातील बर्नबी येथील मोली एनर्जी या कंपनीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या अशाच बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ मध्ये जपानमधील मोबाइल फोनमध्ये त्या पेटल्या, माल परत घ्यावा लागला आणि कंपनीचे दिवाळे निघाले. धातुरूप लिथियम आणि द्रव इलेक्ट्रोलाइट ही जोडी तिथेच जवळजवळ बाद झाली. यावर दोन तोडगे होते: धातू काढून टाकायचा किंवा द्रव काढून टाकायचा. पहिल्या तोडग्यातून लिथियम-आयन बॅटरी निघाली. दुसऱ्याची सुरुवात मात्र त्याआधी बरीच वर्षे, बॅटरीशी सुतराम संबंध नसलेल्या ठिकाणी झाली होती.

१९७३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठातील फेंटन, पार्कर आणि पीटर राइट यांनी 'पॉलिमर' या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण छापले. पॉलिएथिलीन ऑक्साइड या परिचित पॉलिमरमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार विरघळतात आणि त्यांचे स्फटिकी संयुग बनते, एवढेच त्यात म्हटले होते. या पॉलिमरच्या साखळीत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन येतो. ऑक्सिजनांची ही रांग धन आयनाभोवती वेटोळे घालून त्याला धरून ठेवते. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जाहीर केलेल्या 'क्राउन ईथर' या वर्तुळाकार रेणूंची करामत हीच, फक्त इथे वर्तुळाऐवजी लांबलचक दोरी होती. पॉलिएथिलीन ऑक्साइड ही काही दुर्मीळ चीजही नव्हती. त्याचे आखूड साखळीचे भावंड आजही बद्धकोष्ठावरच्या पावडरीत आणि मलमांत सर्रास मिळते. राइट यांनी १९७५ मध्ये या संयुगांची विद्युतवाहकता मोजून प्रसिद्ध केली. त्यांना या पदार्थातून बॅटरी करायची नव्हती.

ते डोके फ्रान्समधील ग्रनोबलच्या मिशेल आर्मां यांचे. १९७८ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे घन इलेक्ट्रोलाइटवरील परिषद भरली. तिथे आर्मां यांनी मांडले, की सोडियम-पोटॅशियमऐवजी लिथियमचा क्षार घ्यावा, पॉलिमरचा पातळ पापुद्रा करावा आणि तो दोन टोकांच्या मध्ये ठेवावा. द्रव नको आणि वेगळा पडदाही नको. तोवर घन इलेक्ट्रोलाइट म्हटले की सिरॅमिक किंवा काच डोळ्यांपुढे येई. ते पदार्थ ठिसूळ असतात. चार्ज होताना आणि उतरताना विद्युतअग्रे किंचित फुगतात आणि आक्रसतात. त्या हालचालीत सिरॅमिकचा स्पर्श सुटतो, पॉलिमर मात्र दबतो आणि चिकटून राहतो. आर्मां यांच्या सूचनेतली खरी मेख ही होती. सुरक्षितता तेव्हा दुय्यम होती. ती पुढे या पदार्थाची मुख्य जाहिरात बनली.

आयन पॉलिमरमधून पुढे कसा सरकतो, हे समजायला आणखी काही वर्षे गेली. द्रवात लिथियम आयन आपल्याभोवती विद्रावकाचे रेणू गोळा करतो आणि त्यांच्यासह वाहत जातो. पॉलिमरमधली साखळी तर जागची हलत नाही. स्लॅब पडताना माणसे आपापल्या जागी उभी असतात आणि घमेली हातोहात पुढे जातात, तसा लिथियम आयन एका ऑक्सिजनकडून पुढच्या ऑक्सिजनकडे दिला जातो. त्यासाठी साखळीचे तुकडे सतत वळवळत असले पाहिजेत. १९८३ मध्ये बेर्तिए आणि त्यांच्या ग्रनोबलमधील सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने दाखवून दिले, की आयन पॉलिमरच्या विस्कळीत भागातून जातात. स्फटिकी भागातून जवळजवळ जातच नाहीत.

या एका निष्कर्षात पुढच्या सगळ्या अडचणी दडल्या होत्या. प्रयोगशाळेत पॉलिएथिलीन ऑक्साइडची पूड आणि लिथियमचा क्षार ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून ते मिश्रण टेफ्लॉनच्या ताटलीत ओतले आणि विद्रावक उडू दिला, की मागे पांढुरका पापुद्रा उरतो. तो सोलून काढता येतो आणि बोटांत धरला तर वाकतो. त्याचा दुधी रंग स्फटिकांमुळे असतो. हाच पापुद्रा तापवत नेला की साधारण ६० अंशांच्या पुढे तो पारदर्शक आणि चिकट होतो, कारण स्फटिक वितळतात. त्या क्षणापासून त्याची वाहकता झपाट्याने वाढते. खोलीच्या तापमानाला मात्र ती द्रव इलेक्ट्रोलाइटच्या जवळपास एक लाखांश असते. म्हणजे बॅटरी चालवायची तर ती आधी तापवायची. आणि तापवल्यावर जो पदार्थ काम करतो तो घन कमी आणि दाट चिकट द्रव अधिक, असा प्रकार. आयनांना वाट द्यायची तर माध्यमात सैलपणा हवा. हा सैलपणा आणायला जे जे घातले गेले ते बहुतेक वेळा पेटणारेच निघाले, आणि पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचा पुढचा इतिहास याच पेचाभोवती फिरला.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आजच्या लिथियम-आयन बॅटरीचे ग्रॅफाइटचे ऋणाग्र ज्या प्रयोगातून पुढे आले, त्यात पॉलिमर इलेक्ट्रोलाइट होते. ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरवताना तेव्हाचे द्रव विद्रावकही सोबत घुसत आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटत. ग्रनोबलमध्येच काम करणारे रशीद याझामी यांनी द्रव टाळून घन पॉलिमर वापरला, आणि ग्रॅफाइटमध्ये लिथियम घालता-काढता येतो हे दाखवले. त्यांचा निबंध १९८३ चा. पुढे योग्य द्रव सापडला, तेव्हा ग्रॅफाइट बाजारात गेले आणि पॉलिमर मागे राहिला.

न पेटणारा पॉलिमर मुद्दाम घडवण्याच्या दिशेने पहिले मोठे पाऊल १९८४ मध्ये अमेरिकेत पडले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील हॅरी ऑलकॉक हे पॉलिफॉस्फाझीन या कुळाचे जाणकार. या पॉलिमरांच्या कण्यात कार्बन नसतोच. फॉस्फरस आणि नायट्रोजन आलटून पालटून येतात. ऑलकॉक आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ड्युवर्ड श्रायव्हर यांच्या गटांनी या कण्याला आखूड ईथर शाखा जोडल्या. तयार झालेला पदार्थ खोलीच्या तापमानालाही स्फटिकरूप घेत नाही. त्यामुळे त्याची वाहकता पॉलिएथिलीन ऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जास्त भरली. आगीच्या दृष्टीनेही हा कणा उपयोगी होता. ज्योत टिकते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांच्या अतिक्रियाशील मूलकांच्या साखळीवर. तापलेल्या फॉस्फरस संयुगांतून निघणारे तुकडे हे मूलक पकडतात आणि साखळी तोडतात. शिवाय पृष्ठभागावर कोळशासारखा थर धरतो आणि आतल्या मालाला हवा मिळत नाही. कागदावर सगळे उत्तम होते, पण हा पदार्थ पापुद्रा म्हणून उभाच राहत नसे. दाब आला की तो मधासारखा ओघळे आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकत. किरणोत्साराने साखळ्या एकमेकींत गुंतवून त्याला आकार देता आला, तरी तो महागच पडला. फॉस्फाझीनांचे आखूड रेणू मात्र पुढे द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये अग्निरोधक भर म्हणून अभ्यासले गेले.

दरम्यान बाजाराने पहिला तोडगा उचलला होता. जपानच्या आसाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम पूर्णपणे वगळून कार्बनचे ऋणाग्र वापरले. १९८६ मध्ये स्फोटकांच्या चाचणीसाठी असलेल्या जागेत त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकला. बॅटरी चेपली, पेटली नाही. धातुरूप लिथियमच्या बॅटरीवर तोच तुकडा टाकल्यावर भडका उडाला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली. तिच्यातला द्रव ज्वलनशीलच होता, पण आगीचे सर्वांत ठळक निमित्त निघून गेले होते. घन पॉलिमरवाल्यांची निकडही त्याबरोबर ओसरली.

मग मधला मार्ग निघाला. पॉलिमरमध्ये द्रव मुरवून जेली करावी ही कल्पना जुनी, १९७५ च्या फ्रेंच निबंधातली. न्यू जर्सीतील बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत झां-मारी तारास्कां, अँटनी गोझ्ड्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिला कारखान्यात उतरण्याजोगे रूप दिले. फ्लोरिनयुक्त पॉलिमरचा पापुद्रा एका प्लॅस्टिसायझरसह ओतायचा, विद्युतअग्रांमध्ये दाबून बसवायचा, प्लॅस्टिसायझर धुऊन काढायचा आणि त्याने सोडलेल्या छिद्रांत नेहमीचा द्रव इलेक्ट्रोलाइट भरायचा, अशी ही रीत. तयार झालेली बॅटरी पातळ, चपटी आणि पिशवीबंद होती. 'लिथियम पॉलिमर' हे नाव ग्राहकाला भेटले ते याच घराण्यातल्या बॅटऱ्यांवर. ड्रोनमध्ये आणि खेळण्यातल्या विमानांत बसणाऱ्या बॅटऱ्यांवर आजही तेच छापलेले असते. द्रव सांडत नाही, एवढाच तिचा सुरक्षिततेतला लाभ. पेटायला तो जागेवरच असतो. इतका दिशाभूल करणारा शब्द बॅटरीच्या व्यवहारात दुसरा नसेल.

निव्वळ घन पॉलिमरची बाजू लावून धरली दोन ठिकाणच्या लोकांनी: कॅनडातील क्वेबेकने आणि फ्रान्समधील ब्रिटनीने.

क्वेबेकची सरकारी वीज कंपनी हायड्रो-क्वेबेक १९८० च्या दशकात फ्रान्सच्या एल्फ आकितेन या तेल कंपनीबरोबर या संशोधनात उतरली. आर्मां त्यात होतेच. 'टीएफएसआय' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा लिथियमचा क्षार याच प्रवासातून पुढे आला. त्याचा ऋण आयन मोठा, लवचीक आणि विद्युतभार पसरून ठेवणारा असल्याने तो लिथियमला घट्ट धरून बसत नाही आणि पॉलिमरला स्फटिक होऊ देत नाही. आजही बहुतेक पॉलिमर इलेक्ट्रोलाइटांत हा क्षार किंवा त्याचा नातलग असतो. २००१ मध्ये हायड्रो-क्वेबेकने अमेरिकेच्या केर-मॅकगी कंपनीबरोबर 'अव्हेस्टर' हा भागीदारी कारखाना काढला. लिथियम धातू, घन पॉलिमर आणि व्हॅनेडियम ऑक्साइड यांच्या या बॅटऱ्या रस्त्याकडेच्या दूरसंचार कपाटांसाठी होत्या. उन्हाळ्यात तापणाऱ्या त्या पत्र्याच्या पेट्यांत शिशाच्या बॅटऱ्या लवकर खराब होत, आणि ज्या बॅटरीला उष्णताच हवी असते तिला ती जागा मानवणार होती. हिशेब चोख होता. पण त्यातल्या काही बॅटऱ्यांचे स्फोट होऊन कपाटांची दारे उडाली. २००६ च्या अखेरीस अव्हेस्टर दिवाळखोरीत गेली, आणि २००८ च्या सुरुवातीला एटी अँड टी कंपनीने अशा सुमारे १७,००० बॅटऱ्या बदलण्याचे जाहीर केले.

अव्हेस्टरची मालमत्ता फ्रान्सच्या बोलोरे समूहाने विकत घेतली. या घराण्याचा मूळ धंदा कागदाचा. ब्रिटनीतील कॅम्पेरजवळ १८२२ पासून त्यांची गिरणी पातळ कागद काढत असे. बायबलचा कागद आणि सिगारेट वळायचा कागद ही तिची ख्याती. कागदावरून ते विद्युत कपॅसिटरसाठी लागणाऱ्या अतिपातळ प्लॅस्टिक फिल्मकडे आले. काही मायक्रॉन जाडीची फिल्म मैलोगणती एकसारखी ओढण्याची जी कारागिरी त्यांच्यापाशी होती, तिचीच घन पॉलिमर बॅटरीला गरज होती. प्रयोगशाळांत अडलेली बॅटरी शेवटी कागदवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर बनवली, यात नवल वाटण्यासारखे फार नाही. तिची निम्मी अडचण रसायनाची आणि निम्मी फिल्म ओढण्याची होती.

त्यांच्या बॅटरीत लिथियम धातूची पट्टी, पॉलिएथिलीन ऑक्साइडवर आधारलेला पापुद्रा आणि लोह फॉस्फेटचे धनाग्र असते. लोह फॉस्फेट घेण्याचे कारण असे, की पॉलिएथिलीन ऑक्साइड सुमारे चार व्होल्टच्या वर टिकत नाही आणि कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र त्या मर्यादेपलीकडे जाते. डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसमध्ये 'ऑटोलिब' ही भाड्याच्या विद्युत मोटारींची सेवा सुरू झाली. तिच्या 'ब्लूकार'मध्ये ३० किलोवॅट-तासांची अशी बॅटरी होती. तिला ६० ते ८० अंशांच्या दरम्यान राखावे लागे, म्हणून उभी गाडीसुद्धा खांबाला जोडलेली ठेवणे सोयीचे. खासगी मालकाला ही कटकट वाटली असती. भाड्याच्या गाडीची ठरलेली जागा आणि ठरलेला खांब असल्याने तिथे ती खपून गेली. जुलै २०१८ मध्ये ऑटोलिब बंद पडली, ती पैशांच्या वादातून.

बसगाड्यांचे मात्र वेगळे झाले. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये याच समूहाच्या दोन विद्युत बस एका महिन्यात जळाल्या. ४ तारखेला बुलेवार सां-जेर्मेंवर एक आणि २९ तारखेला तेराव्या प्रभागात दुसरी. दोन्ही वेळा कोणी जखमी झाले नाही, पण शहराच्या वाहतूक संस्थेने त्या बनावटीच्या १४९ बस रस्त्यावरून काढून घेतल्या. बॅटरीत द्रव इलेक्ट्रोलाइटचा थेंब नव्हता. पण पॉलिएथिलीन ऑक्साइड हा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचाच पदार्थ आहे. पुरेसा तापला की तो वितळतो आणि जळतो. शेजारी १८० अंशांना वितळणारा लिथियम धातू असतो, आणि एकदा पेटलेला तो पाण्याने विझवता येत नाही. घन म्हणजे न पेटणारा, हे समीकरण त्या दोन बसगाड्यांनी मोडीत काढले.

'न पेटणारा' या शब्दालाही मोजमाप लागते. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतील कांग शू यांनी २००२ च्या सुमारास एक साधी चाचणी रूढ केली. काचेच्या तंतूंच्या वातीवर वजन करून इलेक्ट्रोलाइट घ्यायचे, ज्योत लावायची, ज्योत काढल्यावर ते किती सेकंदांत आपोआप विझते ते पाहायचे आणि त्याला ग्रॅमने भागायचे. ग्रॅममागे सहा सेकंदांच्या आत विझले तर न पेटणारे, वीसच्या वर गेले तर ज्वलनशील. ही चाचणी उपयोगी आहे, पण वात म्हणजे बॅटरी नव्हे. खऱ्या बॅटरीत आगीची पायरी-पायरीने चढण असते. शंभर अंशांच्या आसपास ऋणाग्रावरचा संरक्षक थर विस्कटतो आणि उष्णता सोडतो. १३० च्या जवळ पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. दोनशेच्या घरात कोबाल्टयुक्त धनाग्र स्वतःच ऑक्सिजन बाहेर टाकू लागते. तिथून पुढे बाहेरच्या हवेची गरजच उरत नाही. इलेक्ट्रोलाइट न पेटणारे केले तर या साखळीतले इंधन कमी होते, पण साखळी सुरू करणारी कारणे तशीच राहतात. संशोधन निबंधांतल्या ज्योतीच्या छायाचित्रांकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

वाहकतेच्या आघाडीवर १९९८ मध्ये रोमच्या ब्रुनो स्क्रोसाती यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले, की टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळल्यास पॉलिएथिलीन ऑक्साइड गार झाल्यावरही लवकर स्फटिकरूप घेत नाही. बर्कलीच्या नितीश बलसारा यांनी साखळीचा एक भाग कडक पॉलिस्टायरीनचा आणि दुसरा मऊ पॉलिएथिलीन ऑक्साइडचा ठेवला: कडक भागाने लिथियमच्या काट्यांना अडवायचे, मऊ भागाने आयन न्यायचे. त्यावर २००७ मध्ये 'सीओ' ही कंपनी उभी राहिली आणि २०१५ मध्ये बॉशने ती घेतली.

जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या बॅटऱ्यांनी पुन्हा आगीकडे लक्ष वेधले. बॉस्टनच्या विमानतळावर उभ्या विमानात एक पेटली; नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या विमानाला तातडीने उतरावे लागले. जगभरची ७८७ विमाने जमिनीवर बसली, त्यांत एअर इंडियाची सहा होती. बोइंगने काढलेला उपाय बॅटरीला पोलादी पेटीत घालून धूर बाहेर सोडण्याचा होता. आतले रसायन तेच राहिले.

त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जोसेफ डीसिमोन यांचा गट जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून परफ्लुरोपॉलिईथर या पदार्थावर काम करत होता. या वंगणासारख्या पॉलिमरमध्ये हायड्रोजनच्या जागा फ्लोरिनने घेतलेल्या असतात, म्हणून जळायला फारसे काही उरत नाही. त्याची घडण पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या घडणीशी मिळतीजुळती आहे हे या गटाच्या ध्यानात आले. फ्लोरिनयुक्त पॉलिमर सहसा क्षार विरघळवत नाहीत. पण आखूड साखळी घेऊन तिच्या टोकांना कार्बोनेट गट लावल्यावर टीएफएसआय क्षार त्यात विरघळला. डॉमिनिका वाँग, बलसारा, डीसिमोन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१४ मध्ये आला. २०० अंशांपर्यंत तापवूनही त्याची वाफ पेटली नाही. आणखी एक गुण अनपेक्षित होता: नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये निम्म्याहून अधिक प्रवाह कामाच्या नसलेल्या ऋण आयनांमुळे वाहतो, इथे नव्वद टक्क्यांच्या आसपास लिथियमच वाहत होता. वाहकता मात्र द्रवाच्या मानाने फारच कमी होती. यातून 'ब्लू करंट' ही कंपनी निघाली; पुढे ती निव्वळ द्रव परफ्लुरोपॉलिईथर सोडून संमिश्र घन इलेक्ट्रोलाइटकडे वळली.

अलीकडची दोन कामे या पेचाला थेट भिडणारी आहेत. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने सच्छिद्र पॉलिइमाइडच्या पातळ पडद्यात अग्निरोधक मिसळून त्यात पॉलिएथिलीन ऑक्साइड भरले. पडदा न जळणारा आणि आतला माल आयन नेणारा, अशी कामाची वाटणी. २०२२ मध्ये तिथल्याच झेनान बाओ आणि चुई यांच्या गटांनी उलट बाजूने विचार केला. त्यांनी विद्रावक ठेवले, पण वजनाने ६३ टक्क्यांपर्यंत लिथियमचा क्षार घालून त्याचे रेणू क्षाराला आणि पॉलिमरला बांधून टाकले. सुटे रेणू उरले नाहीत की वाफ होत नाही, आणि वाफ नाही तर ज्योतही नाही. तयार झालेला चिकट पदार्थ २५ ते १०० अंशांपर्यंत चालतो आणि बॅटरीच्या सध्याच्या घडणीत बसवता येतो.

भारतात हा विषय २०२२ च्या उन्हाळ्यात घराघरांत पोहोचला. २६ मार्चला पुण्यात रस्त्याकडेला उभी विद्युत स्कूटर पेटल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली; ९ एप्रिलला नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या वीस स्कूटर जळाल्या. त्यानंतर दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे 'एआयएस-१५६' हे मानक कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. ही मानके प्रसिद्ध करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्याचीच. एका सेलमधली आग शेजारच्या सेलकडे पसरते का, हे नव्या नियमांत तपासले जाते. इलेक्ट्रोलाइट कोणते असावे हे त्यांत सांगितलेले नाही, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे.

पॉलिमरपुढची ताजी अडचण मात्र आगीची नाही. जानेवारी २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी निसर्गात न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर सरसकट निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. त्याच्या कक्षेत दहा हजारांवर पदार्थ येतात. टीएफएसआय क्षार, बेलकोरच्या पद्धतीतला फ्लोरिनयुक्त पॉलिमर आणि डीसिमोन यांचे परफ्लुरोपॉलिईथर हे सगळे त्या व्याख्येत बसतात. ज्या कार्बन-फ्लोरिन बंधामुळे हे पदार्थ पेटत नाहीत, त्याच बंधामुळे ते माती-पाण्यात शतकानुशतके टिकतात. त्यामुळे फ्लोरिन वगळून फॉस्फरस, सिलिकॉन किंवा बोरॉन यांच्या आधारे अग्निरोधक पॉलिमर घडवण्याचे काम पुन्हा वेग घेत आहे, आणि ऑलकॉक यांच्या १९८४ च्या फॉस्फाझीनांकडे संशोधक नव्याने पाहू लागले आहेत.